गाडीचे दात

गाडी अंगणात येऊन थांबली, तरी आबा ओसरीवरून उठले नाहीत. अण्णांनी उतरून काच वर केली, दार दोनदा आपटून पाहिलं, बॉनेटवर नसलेली धूळ रुमालाने पुसली. मग आबा उठले. काठी टेकत त्यांनी गाडीला एक वेढा घातला. पुढून जाताना अगदी खेटून गेले. मागून जाताना मात्र चांगले तीन हात लांब सरकले. धाकटा भाऊ तोंडावर हात ठेवून हसायला लागला. पण आबांच्या पायांना ती वाट कोणी सांगायला नको होती. जनावराच्या मागून जायचं ते लाथेच्या टप्प्याबाहेरून.

1989 सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट. कऱ्हाडपासून आठ-नऊ किलोमीटरवर, कृष्णाकाठी आमचं गाव. कारखान्याचं उसाचं बिल आणि उरलेल्या रकमेसाठी पतसंस्थेचं कर्ज, असं करून हायस्कुलात शिक्षक असलेल्या अण्णांनी दहा वर्षं जुनी, बदामी रंगाची प्रीमिअर पद्मिनी घेतली होती. पद्मिनी हे नाव कागदावर. गावात ती आल्या दिवसापासून फियाट. आमच्या आळीतली पहिली चारचाकी. आणि तिची परीक्षा आधीच झाली होती, आठ दिवसांपूर्वी, कोल्हापुरात.

आबांना बरोबर न्यायचं ठरलं नव्हतं. पण ते आदल्या रात्रीच पटका धुऊन वाळत टाकून बसले होते. "एवढ्या पैशाचं जनावर. एकट्यानं बघाय जाऊ ने," एवढंच म्हणाले. मला अंबाबाई आणि रंकाळा बघायचा होता, म्हणून मीही गेले.

विकणारा बोलका होता. "डॉक्टरची गाडी आहे. नुसती घर ते दवाखाना." जुन्या गाड्यांच्या व्यवहारात हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं, की एवढ्या गाड्या वापरून झाल्यावर आपल्या डॉक्टरांनी रोगी कधी तपासले असतील असा प्रश्न पडावा. अण्णा मीटरवरचे किलोमीटर वाचत होते. आबांना आकड्यांत रस नव्हता. त्यांनी विचारलं, "हिचं दात कुठं बघायचं?"

विकणारा मोठ्याने हसला. आबा हसले नाहीत. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतल्या बैलबाजारात ते चाळीस वर्षं जात होते. तिथे बैलाचं वय कोणी तोंडाने सांगितलेलं धरत नाही. ओठ खाली ओढून दात मोजायचे. दुधाचे असतील तर आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठही आले की जुळला. जुळल्यावर दात नुसते झिजत जातात आणि तिथून पुढे वय ओळखणं ही विद्या होते. हेडी लोक शिंगं तासून, तेल चोपडून म्हातारा बैल तरणा करून उभा करतात. अंगावर कोरी झूल टाकलेली दिसली की आबा आधी ती काढायला लावत.

इथेही त्यांना झूल दिसली. गाडीत पायाखाली नवं कोरं रबरी मॅटिंग अंथरलं होतं. बाकी सगळं दहा वर्षांचं आणि तेवढंच कालचं. आबांनी काठीच्या टोकाने ते उचललं. दहा पावसाळ्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा खाल्ला होता. रुपयाएवढ्या भोकातून खालची जमीन दिसत होती. आबा बोलले काहीच नाहीत. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी विकणाऱ्याचा हात धरला आणि टॉवेलखाली त्याची बोटं दाबली. बाजारात भाव असाच होतो. आकडा तोंडाने काढायचा नाही, भोवतीच्या चौघांना कळता कामा नये. जे काय ते बोटांनी बोलायचं. त्या शहरी माणसाला ही भाषा येत नव्हती. तो गोंधळून अण्णांकडे बघायला लागला. शेवटी आबांना तोंडाने बोलावं लागलं आणि त्याचा त्यांना फार कमीपणा वाटला. पंचेचाळीसची गाडी अडतीस हजाराला तुटली. पाचशे रुपये इसार देऊन आम्ही परत आलो. येताना एसटीत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. ते बी.एड. होते, त्यांनी महिनाभर गाड्यांची माहिती गोळा केली होती, आणि सात हजार रुपये सुटले होते ते झुलीमुळे.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. मोटार आपल्याकडे आली, तिला आपण मोटार असं नाव दिलं, छापलंही. जिभेवर मात्र गाडीच राहिली. आगीवर चालणारी आली, ती आगगाडी. पोरं फिरवायची आली, ती बाबागाडी. बैलगाडीलाच रबरी टायर लागले, तर आमच्याकडे तिला डनलॉप गाडी म्हणाले. जे नवं आलं त्याला मराठीने त्याच गोठ्यात जागा करून दिली. फक्त मोटारीत एक घोटाळा झाला. पूर्वी ओढणारा वेगळा होता आणि ओढली जाणारी वेगळी. मोटारीत दोघं एकजीव झाले. नाव गाडीचं राहिलं, स्वभाव मात्र बैलाचा आला.

क्रियापदं ऐका. गाडी तेल खाते, पेट्रोल पिते. चढाला ओढत नाही. तापते, दम खाते, अडते. इंजिन बसतं, मग मिस्त्री ते बांधतो. आणि कुठल्याही नव्या गाडीवाल्याला मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा : "ॲव्हरेज किती देते?" हा 'देते' मला फार आवडतो. हिशेब तर आपण पेट्रोल किती जातं याचा करतो. भाषा मात्र गाडी आपल्याला काही देते अशी. दारातल्या म्हशीबद्दल पाहुणा विचारतो, "किती देती?", त्याच सुरात. आणि मालकही त्याच सुरात लिटर-दोन लिटर वाढवून सांगतो. अण्णांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही होती. टाकी फुल्ल केली की तारीख, मीटर, लिटर, भागाकार. बाराच्या वर गेलं की त्या दिवशी घरात ते जरा मऊ बोलत.

गोठ्यातून मोटारीत येणाऱ्यांत आम्हीच पहिले नव्हतो. या गाडीमागे उभा असलेला माणूसही उसाच्याच रानातून आलेला. सोलापूरचे वालचंद हिराचंद. इंदापूरजवळच्या माळावर वालचंदनगर आणि तिथला साखर कारखाना उभारणाऱ्या या माणसाने 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने मोटारी बनू लागल्या. 1964 पासूनची 1100 डिलाइट पुढे पद्मिनी झाली : 1089 सीसीचं इंजिन, चाळीस-बेचाळीस अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या गळ्याशी, आणि पुढे एकसंध बाक, ज्यावर तिघं सहज आणि चौघं आग्रहाने बसत. अश्वशक्ती म्हणजे काय ते अण्णांनी आबांना समजावलं. जेम्स वॉटने घोड्याचं काम मोजून हे माप काढलं, वगैरे. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाळीस घोडी हाईत, मग वैरण कुठं ठेवतोस?"

पुढच्या वर्षी बेंदराला त्यांनी खांदमळणी केली. आमच्याकडे पोळा नाही, बेंदूर असतो. आदल्या संध्याकाळी बैलांच्या जूवाखालच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात. बैलांचं झाल्यावर उरलेलं तूप-हळद घेऊन आबा गाडीपाशी आले आणि बॉनेटचे दोन्ही कोपरे त्यांनी चोळचोळून मळले. अण्णांचा जीव रंगासाठी कासावीस झाला, पण वडिलांपुढे बोलायची सोय नव्हती. सकाळी आजीने बॉनेटवर पुरणपोळीचा निवद ठेवला. तो कावळ्याने नेला. गाडीने खाल्ला नाही एवढाच काय तो फरक, असं आबा म्हणाले. त्यांच्या मते बेंदराला बैलही आधी हुंगूनच बघतो.

ही सगळी हसायची गोष्ट नाही, हे आम्हाला खंबाटकीने शिकवलं. 1990 च्या मे महिन्यात पुण्याला लग्न होतं. गाडीत नऊ माणसं, वर टपावर सामान, मांडीवर बुंदीचा डबा. तेव्हा बोगदा नव्हता. जाणारे-येणारे सगळे घाटानेच. दुपारी बाराच्या उन्हात, अर्ध्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. कार्ब्युरेटरच्या कुठल्याही गाडीला त्या काळी हे व्हायचं : उन्हात आणि इंजिनच्या धगीत पेट्रोलची पंपातच वाफ होते, आणि वाफ काही पुढे सरकत नाही. उपाय एकच. अण्णांनी बॉनेट उघडलं, फडकं पाण्यात भिजवलं आणि पेट्रोल पंपावर घातलं. आम्ही रस्त्याच्या कडेला सावली शोधत उभे.

आबा जवळ आले. त्यांनी अण्णांच्या हातातून तांब्या घेतला, फडक्यावर थोडं-थोडं पाणी सोडत राहिले. तापल्या बैलाला पाणी मारतात तसं, एकदम नाही. मग म्हणाले, "जोडी असती, तर चढाला नऊ माणसं वर बसू दिली असतीस व्हय?"

त्याला उत्तर नव्हतं. बैलगाडी चढाला लागली की बायापोरं सोडून सगळे उतरतात, हा न शिकवलेला नियम होता. जनावर बोलत नाही, पण त्याचे कान, त्याची मान, नाकावरचा फेस सगळं दिसत असतं. मोटारीत हे झाकलेलं. पायाखाली एक पट्टी, ती दाबली की पुढे. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली तेव्हा आबा, अण्णांचा मामेभाऊ आणि आम्ही तीन पोरं पुढच्या वळणापर्यंत चालत गेलो. ओझं कमी होऊन गाडी हलकीच चढली. वळणावर ती आमची वाट बघत उभी होती, आणि खरं सांगते, त्या वेळी मला तिच्या मानेवरून हात फिरवावासा वाटला.

त्या गाडीचे मालक अण्णा. पण ती आळीची होती. शेतकरी एकमेकांना बैल देऊन नांगरट उरकतात, त्याला वारंगुळा म्हणतात. आमच्या गाडीचा असाच वारंगुळा चालायचा, पैशाशिवाय. नवरदेव तिच्यात बसून गेले. एका पावसाळ्यात रात्री अडीचला खालच्या आळीतल्या बाळंतिणीला कऱ्हाडला पोचवलं. तेव्हा झालेली पोरगी आता दोन मुलांची आई आहे आणि अजून तिला तिच्या घरचे फियाटच म्हणतात. कुणाचा हात मोडला, कुणाचा पाहुणा एसटी चुकला, की अंगणात हाक यायची, "गुरुजी, गाडी काढता का?" काढणे म्हणजे गोठ्यातून सोडणे. आणि आमच्याकडे काढणे म्हणजे विकत घेणेसुद्धा. 'त्यानं नवी गाडी काढली' म्हणजे शोरूममधून आणली. एकच शब्द दोन्हीकडे चालत होता, कारण गाडी घेतली म्हणजे ती दुसऱ्यासाठी सोडायची, हे त्यात धरलेलंच होतं.

मी गाडी शिकले 1994 साली, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात. गळ्याचा गिअर, हिवाळी सकाळी ओढून धरायचा चोक, क्लच सोडताना गाडीने घेतलेली उडी. साताऱ्याला जाऊन परीक्षा दिली, लायसन्स आणलं. आई म्हणाली, चांगलं झालं. आबा म्हणाले, बघू. आजी काहीच म्हणाली नाही. तिच्या आयुष्यात तिने कासरा हातात धरला नव्हता. बाईने नांगर धरू नये, कासरा धरू नये, पाऊस जातो, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. तिने शेण काढलं, वैरण टाकली, धारा काढल्या, बैल आजारी पडला तर रात्र-रात्र त्याच्याजवळ बसली. पण गाडी तिच्यासाठी बसायची वस्तू होती.

आठ दिवसांनी ती एकटीच माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला म्हायारला सोडतीस?" माहेर मसूरकडे, वीस किलोमीटर. स्वतः गाडी चालवत केलेला माझा तो पहिला लांबचा प्रवास. मी मागचं दार उघडलं, तर ती पुढे येऊन बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर. रस्ताभर एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, भेदरली. नदीचा पूल गेला, ऊस गेला, माळ लागला. शेवटी माहेरच्या गावाची चिंच दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "म्हायारची वाट पुढनं अशी दिसती व्हय?"

मला समजायला थोडा वेळ लागला. बैलगाडीत पुढे धुरेजवळ गडीमाणसं बसत. बाया मागे, तोंड मागे करून. लग्न झाल्यापासून साठ वर्षं ती या वाटेने येत-जात होती, आणि प्रत्येक वेळी तिने पाहिला होता तो मागे पडत जाणारा रस्ता. माहेरी जाताना तिला दिसायचं सासर दूर जाताना. सासरी येताना दिसायचं माहेर दूर जाताना. समोरून येणारं गाव तिने कधी पाहिलंच नव्हतं. गाडी घेण्याबद्दल, चालवण्याबद्दल, तिच्यापायी होणाऱ्या खर्चाबद्दल मी पुढे शेकडो तक्रारी केल्या असतील. पण कुणी विचारलं की गाडीने तुला काय दिलं, तर हे एक वाक्य.

आबा 1996 साली गेले. 2001 मध्ये अण्णांनी पद्मिनी विकली. कुर्ल्याचा कारखाना थंडावला होता, सुटे भाग मिळेनासे झाले होते, आणि 1983 च्या डिसेंबरात पहिली किल्ली सुपूर्द झालेली मारुती 800 आता गावोगाव झाली होती. हलकी, चोख, घाटात पाणी न मागणारी. घेणारा सांगलीकडचा होता. त्याने मॅट उचलून पाहिलं नाही, अण्णांनीच उचलून दाखवलं. पत्र्याला ठिगळ मारलं होतं, तेही सांगितलं. पैसे मोजून झाल्यावर अण्णांनी खिशातून किल्ली काढली. जोतिबाचं पितळी कडं तिला बारा वर्षं लटकत होतं. त्यांनी नखाने ते कडं उघडलं, किल्ली सोडवली, किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि कडं परत खिशात टाकलं. त्या माणसाला ते चिकटपणाचं वाटलं असेल. आम्हाला कळलं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं.

मुंबईत पद्मिनी आणखी दोन दशकं धावली. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली, तेव्हा 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. ती बातमी मी अण्णांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, "वीस वर्षं म्हणजे ठीक आहे. चांगला राखला तर बैल तेवढाच जगतो."

आता मी पुण्यात राहते. 2018 साली आम्ही नवीकोरी गाडी घेतली. घेतली म्हणजे, बँकेने घेतली आणि आम्ही साठ हप्त्यांनी ती बँकेकडून सोडवली. शोरूममध्ये एक्स-शोरूम, 11 टक्के रस्ता कर, विमा, जादा वॉरंटी अशी एकाखाली एक बेरीज वाढत गेली. मग आम्हाला एका काचेच्या दालनात नेलं. मधोमध गाडी, आणि तिच्यावर लाल साटिनचं भलंमोठं कापड. "मॅडम, आता सगळ्यांनी मिळून ओढा, आम्ही फोटो काढतो." मला हसू फुटलं. झूल! आबा असते तर त्यांनी काठी पुढे केली असती. पण खाली बघण्यासारखं काही नव्हतं. दात बघायचे कुठे? बॉनेट उघडलं तर आत प्लास्टिकचं झाकण, आणि झाकणावर इशारा, की उघडू नका. नव्या गाडीला किल्लीसुद्धा नाही. खिशात एक गुळगुळीत डबी ठेवायची. जोतिबाचं कडं त्या डबीला बसलं नाही. ते देवघरात आहे.

ही गाडी मला काही मागत नाही. तिला फडकं ओलं करावं लागत नाही, चोक नाही, प्लग साफ करायचे नाहीत. काही बिघडलं तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरमधला मुलगा संगणकाची वायर लावून सांगतो काय दुखतंय ते. आम्ही दोघी सुखी आहोत. आमच्या सोसायटीत अशा नव्वद गाड्या, आखलेल्या पांढऱ्या चौकोनांत, दिवसाचे बावीस-बावीस तास उभ्या. रात्री अडीचला कुणी कुणाचं दार वाजवत नाही. ॲप आहे, रुग्णवाहिका आहे. वाजवायची गरज नाही हे चांगलंच. पण शेजाऱ्याची गाडी मी कधी चालवलेली नाही आणि माझी त्याने. आमचं बोलणं एवढंच होतं, "ऑन रोड केवढ्याला पडली?" आणि अर्थात, "ॲव्हरेज किती देते?"

दोन-तीन वर्षांपूर्वी अण्णांचं ऑपरेशन झालं. कऱ्हाडच्या इस्पितळात चार रात्री काढून मी एकटी पुण्याला निघाले, संध्याकाळी उशिरा. गाडी गार, खुर्ची मऊ, रस्ता सहापदरी. खंबाटकीचा बोगदा ओलांडला एवढं आठवतं. त्यानंतर आठवतो तो टायरखालचा खडखडाट. कडेच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवर चाक चढलं होतं. एक क्षण, फार तर दोन. हात थरथरायला लागले. शिरवळच्या अलीकडे एका ढाब्यावर गाडी लावून मी तासभर बसून राहिले.

तिथे मला आबांची एक गोष्ट आठवली, जी ते नेहमी अभिमानाने सांगत आणि आम्ही कंटाळून ऐकत असू. कऱ्हाडच्या बाजाराहून रात्री परतताना ते गाडीतच झोपून जात. बैल आपल्या चालीने चालत राहायचे, समोरून गाडी आली तर बाजूला व्हायचे, आमच्या वळणाला वळायचे, आणि अंगणात येऊन उभे राहायचे. आबांना जाग यायची ती चाक थांबल्यामुळे. बैल थकले की थांबत, आणि गाडीवान झोपला तरी चालत. मोटारीने दोन्ही गुण घालवले. ती थकत नाही, म्हणून आपल्याला आपला थकवा कळत नाही. आणि आपले डोळे मिटले की तिचेही मिटतात.

परवा एका नव्या गाडीत बसले होते. पट्टा ओलांडला की स्टिअरिंगला आतून हलका हिसका बसतो. पुढची गाडी जवळ आली की आपणहून वेग कमी होतो. डोळ्यांवर झापड आली तर ओळखणारे कॅमेरेही काही गाड्यांत आलेत म्हणे. मालक कौतुकाने सांगत होते, काही वर्षांनी माणसाने झोपावं आणि गाडीने घरी न्यावं, अशी गाडी येणार. मी मान डोलावली. शंभर वर्षं आपण गाडीतून बैल काढत आलो, आणि आता वायरी आणि कॅमेरे लावून तो परत जुंपतो आहोत. एवढंच, की आबांचे बैल घरी यायचे ते त्यांनाही घर होतं म्हणून. गव्हाणीत वैरण असायची. गाडीला घराची ओढ कशी लावणार, हे त्या मालकांना विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

लेकीने यंदा स्वतःच्या पगारातून विजेवरची नेक्सॉन घेतली. ती जिथे बनते तो रांजणगावचा कारखाना टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतला. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे अण्णा खुर्चीत सरळ होऊन बसले. "म्हणजे फियाटच की," म्हणाले. दसऱ्याला ती गाडी घेऊन आम्ही गावी गेलो. झेंडूचा हार, लिंबू, नारळ झालं. अण्णांनी नातीला पहिला प्रश्न विचारला, "एका चार्जिंगला किती देते?" तिने आकडा सांगितला. वाढवूनच सांगितला असणार, रक्त आहे.

रात्री प्रश्न आला, चार्ज कुठे करायची? घरात पंधरा अँपिअरचा पॉइंट एकच, तोही गोठ्यात, कडबाकुट्टीच्या यंत्रासाठी घेतलेला. ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यात बैल नाहीत. एक म्हैस होती, तीही मागच्या वर्षी दिली. लेकीने गाडी मागे घेत-घेत गोठ्यात लावली, गव्हाणीशी. वायर काढली, कडबाकुट्टीच्या पॉइंटला जोडली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. फरशी कधीच घातलेली नव्हती. जमिनीत जुना खुंटा अजून होता, दाव्याने घासून गळ्याशी बारीक झालेला. वायर त्याच्यावरूनच गेली होती.

आम्ही अंथरुणं घातली. दिवे मालवले. ओसरीवरून अण्णांची हाक आली, आबा रोज रात्री द्यायचे तशीच, त्याच वेळी.

"बांधली का गं?"

लेक मोबाइल बघत होती. तिने मान वर केली नाही.

"बांधली, आजोबा."